शाहू मिल १९०६ ची, इचलकरंजीतला पहिला यंत्रमाग १९०४ चा. मग कापडाचं गाव इचलकरंजीच का झालं?

कोटीतीर्थकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, पण बरीच वर्षं मनात आहे म्हणून सगळाच लिहिते.

आमचं घर कोल्हापुरात कोटीतीर्थाजवळ. गच्चीवर गेलं की शाहू मिलची चिमणी समोर. माझे पणजोबा भुदरगडातल्या एका खेड्यातून पायी कोल्हापूरला आले आणि मिलमध्ये लागले, रिंग खात्यात, सूतकताईच्या कामावर. आजोबाही तिथंच. आजी सांगायची, आमच्या घरात घड्याळ आलं ते फार उशिरा, तोवर भोंगाच घड्याळ. पहिल्या भोंग्याला चूल पेटलेली हवी, दुसऱ्याला डबा हातात हवा. २००३ मध्ये मिल बंद झाली तेव्हा मी कॉलेजात होते. त्या दिवसांत आजोबा संध्याकाळी दारात बसून राहायचे, कुणाशी बोलायचे नाहीत.

२०२२ च्या मे महिन्यात शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त मिलमध्ये कृतज्ञता पर्वाचे कार्यक्रम झाले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी त्या फाटकातून आत गेले. एवढी वर्षं शेजारी राहून कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. दगडी भिंतींना हात लावून पाहिला. पणजोबा इथंच कुठंतरी उभे राहून धागे सांधत असतील, एवढंच मनात येत होतं.

त्यानंतर वाचायला लागले आणि एका गोष्टीपाशी अडकले. शाहू मिलची स्थापना २७ सप्टेंबर १९०६ ची. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसला १९०४ मध्ये. म्हणजे दोन्हीकडे सुरुवात एकाच सुमाराला. कोल्हापूर राजधानी, पाठीशी शाहू महाराजांसारखा राजा, १८९१ पासून मिरजेची रेल्वे, १८९५ पासून शाहूपुरीची बाजारपेठ. इचलकरंजी म्हणजे पंचगंगेकाठचं जहागिरीचं गाव, तिथं रेल्वे तर आजही नाही. तरी शंभर वर्षांनी कोल्हापुरात एक बंद मिल आणि इचलकरंजीत लाखाच्या वर माग. असं कसं झालं? तिथल्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल कुणाला घरातून ऐकून, कामातून काही माहीत असेल तर कृपया लिहा.

आणखी एक. माळा आवरताना जुन्या पितळी भांड्यांच्या पाटीत एक लाकडी धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारं हत्यार, सापडला. वीतभरापेक्षा थोडा लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. आमच्या घरचे सगळे रिंग खात्यातले, म्हणजे सूत काढणारे, विणणारे कुणीच नव्हते. मग हा धोटा आला कुठून?

—

जुना पेठकर

ताई, प्रश्न चांगला काढलात. शाहू मिलच्या बाजूनं थोडं सांगतो.

महाराज १८९४ च्या एप्रिलात गादीवर आले. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच्या मागून प्लेग. कुळंच्या कुळं उठून शहराकडं आली, त्यांच्या हाताला काम द्यायचं होतं. तुमचे पणजोबा भुदरगडातून आले म्हणता, ते याच लोंढ्यातले किंवा त्याच्या मागोमाग आलेले असणार. शेतीवर भागत नाही, जोडीला व्यापार आणि कारखाना पाहिजे, हे महाराजांच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून आधी शाहूपुरीची गुळाची पेठ, मग मिल, मग भोगावतीवर राधानगरीचं धरण. ही सगळी एकाच माळेतली मणी आहेत, सुटी सुटी वाचू नका. गूळ, सूत आणि पाणी.

मिलचं पूर्ण नावच बघा, शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल. कापूस आत जायचा आणि कापड बाहेर यायचं. पुढं संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं, मिल शेवटी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली. बाकीचं तुम्ही डोळ्यानं पाहिलंय.

इचलकरंजीचे मागही महाराजांनीच आणवले असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. जाणकारांनी सांगावं.

—

माग आणि मी

ताई, मी इचलकरंजीचा. वय ६९. वयाच्या चौदाव्या वर्षी कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, उचलायला लागलो, मग मागावर, मग माग दुरुस्त करणारा जॉबर, मग स्वतःचे चार माग. आता मुलगा बघतो. पुस्तकी माणूस नाही, पण या प्रश्नावर मी जन्मभर विचार केलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

पेठकर दादांचा मान राखून एक दुरुस्ती. इचलकरंजीचा पहिला यंत्रमाग शाहू महाराजांनी आणवला नाही. तो १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते इचलकरंजीचे जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे. जहागीर कोल्हापूरच्या छत्रपतींच्या हाताखालची होती हे खरं, त्यामुळं तसा समज होत असावा. बाबासाहेबांनी १८९२ मध्ये कारभार हातात घेतला आणि पुढं पन्नास वर्षं पाहिला. ग्वाल्हेर घराण्याचं गाणं महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच दरबारचे. गाण्याला ज्यानं आश्रय दिला त्यानंच मागाला दिला. गावातल्या नाट्यगृहाला बाबासाहेबांचं नाव आहे आणि त्यांच्या राजवाड्यात आज कापडाचं इंजिनिअरिंग शिकवलं जातं. त्या कॉलेजात माझा पुतण्या शिकला. पहिल्या दिवशी त्याला सोडायला गेलो तेव्हा मी राजवाड्याच्या दारात चप्पल काढली होती, सवयीनं.

आता तुमचा मूळ प्रश्न. कोल्हापूरला राजा होता, रेल्वे होती, मग इचलकरंजीच का?

माझं उत्तर एका वाक्यात सांगतो, मग फोड करतो. मिल कामगाराला विकत घेता येत नाही, माग घेता येतो.

मिल म्हणजे काय? पिंजणी, सूतकताई, खळ, विणकाम, घडी, सगळं एका छपराखाली. बॉयलर एक, चिमणी एक, मालक एक. आत हजार माणसं असली तरी त्यांच्यातल्या कुणालाही तसलीच दुसरी मिल काढता येणार नाही. तुमचे पणजोबा रिंग खात्यात कितीही हुशार असले तरी घरी येऊन रिंग फ्रेम बसवू शकत नव्हते. त्यांची कला फाटकाच्या आतच राहायची. मिल वाढली तर पगार वाढणार, मिल बसली तर घर बसणार.

यंत्रमागाचं तसं नाही. एक माग सोप्यात बसतो. दातारांचा माग चालताना गावानं बघितला, त्यातल्या ज्याच्या अंगात विणकाम होतं त्याला तो आपलाच वाटला असणार. उभा धागा, आडवा धागा, फणी, धोटा, सगळं ओळखीचं. फरक एवढाच की हातमागावर हात-पाय चालवायचे, इथं चाक चालवतं. माणसानं उभं राहून नजर ठेवायची, तुटलेला धागा सांधायचा, कांडी संपली की बदलायची. म्हणून नवी गोष्ट शिकायला कोष्टी-साळ्याच्या पोराला वर्ष लागत नव्हतं, महिना लागायचा.

आणि असे लोक भोवताली होते, हा दुसरा मुद्दा. खुद्द इचलकरंजीत आणि आसपासच्या गावांत हातमाग होते. रेंदाळला तर घरोघरी. माझ्या आजोबांचा जमिनीत खड्डा असलेला माग होता, पाय खड्ड्यात सोडून बसायचा. पहाटे रस्त्यावर ताणा, म्हणजे उभे धागे, पसरून त्याला खळ लावायची, त्याला पाजणी म्हणायचे. दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे मारत जायची आणि ऊन चढायच्या आत काम उरकायचं, कारण ऊन लागलं की सूत कडक होऊन तुटायचं. गल्लीतली बैलगाडी तोवर थांबायची. गाडीवान कुरकुर करत नसे. त्याच्या अंगावरचं धोतरही तसल्याच गल्लीतून आलेलं.

कोल्हापुरात अशी विणकरांची दाट वस्ती नव्हती. तिथं विणायला लोक मिलनं गोळा केले, आमच्याकडं मागाच्या आधी लोक होते.

तिसरी गोष्ट काळाची. दातारांचा माग १९०४ चा, पुढच्याच वर्षी वंगभंगाची चळवळ आणि स्वदेशीची हाक. विलायती कापडाच्या होळ्या झाल्या. देशी कापडाला मागणी आली तेव्हा इथं यंत्र नुकतंच उभं राहिलेलं. पुढं दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारनं सूत-कापडावर नियंत्रण आणलं. त्या दिवसांत ज्याच्याकडं माग आहे आणि सूत मिळवायची वाट आहे, त्याला रिकामं बसायची पाळी आली नाही. सुरुवातीला इथं लुगडी विणायचे, नऊवारी. माझी आजी म्हणायची, पंचगंगेच्या घाटावर वाळत घातलेलं लुगडं बघून कुठल्या घरचं विणलेलं ते ओळखता यायचं. नंतर धोतर, मलमल, पॉपलीन, केंब्रिक आलं.

आता कामाची वाटणी सांगतो, कारण गावाचं गाव कसं झालं ते यात आहे. मिलमध्ये जे एका छपराखाली, ते इथं गावभर पसरलं. सूत एकाचं. सायझिंग दुसऱ्याचं, तिथं ताण्याला खळ लागून बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, भरून मिळतं. वहिफणी करणारे वेगळे, ते बीमचा एकेक धागा वहीच्या, म्हणजे मागावरच्या दोऱ्यांच्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि फणीच्या दातातून ओवतात. हजारो धागे, एक चुकला तर कापडात रेघ. कांड्या भरणाऱ्या बायका वेगळ्या. मग मागवाला, बिघडलं की जॉबर, हिशेबाला दिवाणजी. कापड उतरलं की घडीवाले, कापडातले दोष काढणारे मेंडिंगवाले, मग अडत्या. या प्रत्येकाचं स्वतःचं पोट आणि थोडाफार स्वतःचा शब्द. एक माग बंद पडला तरी गल्ली चालू राहायची.

आणि खर्ची. बाहेरच्यांना हा शब्द कळत नाही म्हणून सांगतो. व्यापारी बीम आणि बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत देणार, मागवाला विणून कापड परत देणार, त्याची मजुरी घेणार. सूत घ्यायला भांडवल लागत नाही. मजुरी पिकावर. एका इंचात आडवे धागे किती, ते पीक. आमच्याकडं बावन्न पिकाचा हिशेब धरतात आणि त्यावरून दर ठरतो. या खर्चीमुळंच माझ्यासारख्याचा माग झाला.

१९७९ मध्ये मी जॉबर होतो. मालकाच्या शेडमधले दोन जुने माग निघाले. बायकोनं मोहनमाळ काढून दिली, तिच्या आईची होती. ती माळ गहाण ठेवून, थोडे उसने घेऊन ते दोन माग घेतले आणि भावाच्या गोठ्यात बसवले. म्हशी अंगणात बांधल्या. पहिलं बीम खर्चीवर मिळालं. पहिला पीस उतरवला त्या रात्री मी तो उशाशी घेऊन झोपलो. माळ सोडवायला सहा वर्षं लागली. ताई, शाहू मिलमधल्या माणसाला पगार माझ्यापेक्षा चांगला होता, त्याचा फंड कापला जायचा, त्याला बोनस होता. आमच्याकडं फंड नाही, हक्काची रजा नाही, बाराबारा तासांच्या पाळ्या. कामगारांसाठी लढलेल्या कॉम्रेड मलाबादेंच्या नावाचा चौक गावात आहे, तो उगाच नाही. मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय, आधी मजूर म्हणून आणि मग मजुरी देणारा म्हणून. दिलेली मजुरी कमी होती हे मला माहीत होतं आणि व्यापारी मला देत होता तीही कमी होती. पण माझ्या गोठ्यात दोन माग उभे राहू शकले, हे फक्त याच गावात होऊ शकलं.

सूत मात्र फार वर्षं बाहेरून यायचं. सुताचा भाव चढला की गाव गप्प व्हायचं. म्हणून १९६० नंतरच्या दशकात सहकारातून इथंच सूतगिरणी उभी राहिली, दत्ताजीराव कदमांनी त्यात पुढाकार घेतला. बघा, कोल्हापुरात आधी मिल आली आणि माग फाटकाबाहेर पडलेच नाहीत. आमच्याकडं आधी माग आले आणि सूतगिरणी साठ वर्षांनी मागवाल्यांनी आपल्यासाठी काढली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या उलट्या क्रमात दिसतं.

रेल्वेचं म्हणाल तर हातकणंगले स्टेशन आठ-नऊ किलोमीटरवर. सूत आणि कापडाचे गठ्ठे बैलगाडीनं तिथवर जायचे यायचे. लांब नव्हतंच.

धोट्याबद्दल: फोटो टाका. पण त्याआधी हातात घेऊन तीन गोष्टी बघा. एक, वजन. यंत्रमागाचा धोटा जड असतो, कारण त्याला दर मिनिटाला शंभरच्या वर फटके खायचे असतात. दोन, बाजूला धागा बाहेर यायचं भोक आहे तिथं चिनी मातीचा डोळा आहे का. तीन, धोटा उलटा करा. खाली लहान चाकं आहेत का?

—

कांडीवालीची लेक

काकांनी सगळं लिहिलं, पण कांड्या भरणाऱ्या बायकांना एका ओळीत आटपलं. राग मानू नका काका, मी भर घालते.

माझी आई विक्रमनगरात घरी कांड्या भरायची. पहाटे चारला उठून आमचे डबे, मग कांड्यांवर सूत गुंडाळायचा रहाट. मोटर नंतर आली. एका मागाला दिवसभर कांड्या पुरवायच्या म्हणजे रहाट थांबवून चालत नाही. कांडी सैल भरली तर धोट्यात गुंतते, घट्ट भरली तर सूत तुटतं, आणि दोन्ही वेळा मागवाला आईलाच बोलायचा. तिच्या उजव्या हाताच्या आंगठ्याला आणि पहिल्या बोटाला सुतानं चिरा पडलेल्या. हळद-तेल लावून रात्री कापडानं बांधायची. सकाळी ते कापड सोडताना तिचा चेहरा मी बघायची नाही.

हातमागाच्या काळातही हेच. पुरुष मागावर बसायचा, लोक त्याला विणकर म्हणायचे. सूत उकलणं, कांड्या भरणं, पाजणीची खळ शिजवणं, हे घरातल्या बायका-पोरांचं. एका मागामागं तीन-चार माणसं राबायची आणि मजुरी एकाच्या हातात पडायची. यंत्रमाग आल्यावर विणणं चाकावर गेलं, पण कांड्या बराच काळ बायकांच्या हातावरच राहिल्या. दातारांचा पहिला माग चालला त्या दिवशीही कुणीतरी बाईनं कांड्या भरून दिल्या असणार. तिचं नाव आता कळणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अजून एक काम सांगते. धोट्याच्या डोळ्यातून धागा बाहेर काढायला मागवाले तोंड लावून ओढायचे. माझे वडील दिवसात शेकडो वेळा करायचे. सुताची धूळ, खळ, सगळं तोंडात. एकाच धोट्याला पाळीवर येणारा प्रत्येक जण तोंड लावणार. वडिलांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. मुख्य प्रश्नाशी याचा संबंध आहे की नाही माहीत नाही, पण सुरुवातीचा इतिहास लिहाल तेव्हा हेही लिहा.

कोटीतीर्थताई, तुमची आजी कुठली? आमच्यात लेकीला माहेरून धोटा देत नाहीत, पण बाप गेल्यावर त्याची हत्यारं लेकीनं मागून आणलेली मी दोन घरांत पाहिलीत. तिकडून शोधून बघा.

—

जुना पेठकर

काका, दुरुस्ती मान्य. साठ वर्षं चुकीचं सांगत आलो, उद्यापासून बरोबर सांगेन. दातारांचं आणि बाबासाहेबांचं नाव वहीत लिहून घेतलं.

फक्त एवढं म्हणेन की कोल्हापूर काही रिकामं राहिलं नाही. मिलच्या पलीकडंच उद्यमनगर आहे. ओतकाम, लेथ, इंजिनं, पंप. तिथं मात्र तुमचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. एक लेथ शेडमध्ये बसतो, हाताखालचा पोरगा चार वर्षांत मेस्त्री होतो आणि आपला लेथ टाकतो. कोल्हापूरचा माणूस कापडात मालक झाला नाही, लोखंडात झाला. हे मला तुमचा माग वाचूनच सुचलं.

किर्लोस्करवाडी तुमच्या दोघांच्या मधली म्हणता येईल. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर वसली. कारखाना एकाचा, पण कारखान्याभोवती अख्खं गाव वसवलं. तो विषय वेगळा, कुणीतरी स्वतंत्र धागा काढावा.

—

कोटीतीर्थकाठ

काका, ताई, दादा, तुम्हा सगळ्यांचे फार आभार. दोन दिवस मी हेच परत परत वाचतेय. "कला फाटकाच्या आतच राहायची" हे वाक्य वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आजोबांना झोपेत बोटं हलवायची सवय होती. धागा सांधल्यासारखी.

कांडीवालीची लेक, तुम्ही बरोबर ओळखलंत. आजीचं माहेर रेंदाळ. हे मला माहीत होतं आणि तरी मी कधी जोडलं नव्हतं. काल आत्याला फोन केला. ती म्हणाली, आजीचे वडील हातमागावर लुगडी विणायचे. ते गेले तेव्हा भावांनी माग मोडून लाकूड जाळायला काढलं, कारण दोघंही तोवर इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला लागले होते. आजी दहाव्याला गेली होती. येताना वाटणीतलं काही नको म्हणाली आणि चुलीशेजारच्या लाकडांतून धोटा उचलून पदरात बांधून आणला. आजोबांनी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, तुमच्या मिलमध्ये असलं नाही. आत्याला एवढंच आठवतं.

म्हणजे माझ्या एकाच घरात एक वाट भुदरगडातून शाहू मिलला आली आणि दुसरी रेंदाळवरून इचलकरंजीला गेली, आणि मी जणू दोन परक्या गावांबद्दल विचारत होते.

आता काका, तुमच्या तीन गोष्टी. धोटा हलका आहे, चिंचोका लाकडात कोरून काढावा तसा आतून पोकळ. चिनी मातीचा डोळा नाही, नुसतं भोक आहे आणि भोकाची कड एका बाजूनं घासून गुळगुळीत झालीय, बोट फिरवलं तर कळतं. खाली दोन लहान चाकं आहेत. एक फिरतं, एक गंजून बसलंय. शिलाई मशीनचं तेल घालू का? लाकूड खराब होणार नाही ना?

—

माग आणि मी

चाकं आहेत म्हणजे हातमागाचा, दोरी ओढून पळवायचा. काही धोट्यांना खाली अशी चाकं लावायचे. यंत्रमागाच्या धोट्याला कधीच नसतात. कड एकाच बाजूनं झिजलीय म्हणता, ती धाग्यानं. लाकूड सुतानं झिजायला किती लुगडी विणली असतील, हिशेब मला करता येत नाही.

मशीनचं तेल घाला, पण काडीच्या टोकावर घेऊन फक्त चाकाच्या दांड्याला. लाकडाला लागू देऊ नका, डाग सुताला लागतो. आता सूत नाही, पण तरी लागू देऊ नका. एक रात्र तसंच ठेवा, जोर करून फिरवू नका. लाकडाला नुसतं कोरडं फडकं पुरे.

रेंदाळला माझ्या ओळखीचे एक म्हातारे आहेत, नव्वदीच्या घरातले. हातमाग सोडला तरी हात विसरलेले नाहीत. धोटा घेऊन या. आत्याला घेऊन या, जमलं तर वडिलांनाही. एस. टी. नं आलात तर मी हुपरीच्या फाट्यावर उभा राहतो, दुपारच्या जेवणाला घरी चला. कांडीवालीची लेक, तुम्हीही या, तुमच्या आईला घेऊन. कांडी भरायला त्यांच्याइतकं चांगलं आता कोण आहे? म्हाताऱ्यांकडं फणी आहे, मी थोडं सूत आणतो.